सोमेश्वर राजाच्या मुदपाकखान्यांतील निखारे



इडलीचा उगम सांगणारे लेख आणि भाषणें हल्लीं पुष्कळ होतात. त्यांत एका राजाचें नांव हमखास येतें. तें म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचें. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत उडदाच्या पिठाची 'इडरिका' आहे, 'धोसक' आहे, वडे आहेत, मांडे आहेत. आठ-नऊशें वर्षांपूर्वींच्या राजाच्या पानांत आपलेच पदार्थ वाढलेले पाहून आपणां सर्वांस समाधान वाटतें, आणि तें वाटणें साहजिक आहे. पण त्याच प्रकरणाचीं कांहीं पानें उलटलीं कीं राजा रानडुकराचें मांस निखाऱ्यावर कसें भाजावें तें सांगूं लागतो. आणि नेमक्या त्या ठिकाणीं आपले बहुतेक लेखक पुस्तक मिटून टाकतात. आज मी तें पान उघडें ठेवून बोलणार आहें. मी स्वतः शाकाहारी आहें. तेव्हां चवीविषयीं माझी साक्ष कोणी काढूं नये. मी केवळ लिहिलेलें वाचून दाखविणारा माणूस आहें.

सोमेश्वर हा प्रसिद्ध सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा. ज्याच्या दरबारीं कवि बिल्हण होता आणि ज्याच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें 'मिताक्षरा' लिहिली, तोच हा विक्रमादित्य. अशा बापाच्या पोटीं आलेल्या मुलानें तलवारीपेक्षां लेखणीनें अधिक नांव मिळविलें. तो इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला व ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. ११२९ च्या सुमारास त्यानें हा ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बिदर जिल्ह्यांतलें बसवकल्याण. ग्रंथाचे पांच भाग असून प्रत्येकांत वीस अध्याय आहेत, म्हणून त्या भागांस 'विंशति' म्हणतात. राज्य कसें मिळवावें येथपासून कोंबड्यांच्या झुंजी कशा लावाव्या येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत आहे. गायनाच्या प्रकरणांत तर जुन्या मराठींतील पद्यांचे नमुनेहि आले आहेत. त्यामुळें आपल्या भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ विशेष जवळचा वाटतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं त्याचे तीन खंड संपादिले. पहिला १९२५ सालीं, दुसरा १९३९ सालीं आणि तिसरा १९६१ सालीं प्रसिद्ध झाला.

तिसऱ्या विंशतींत राजाच्या उपभोगांचें वर्णन आहे, व त्यांतच 'अन्नभोग' येतो. डुकराविषयीं लिहितांना राजा प्रथम केंसांचा विचार करतो. डुकराच्या अंगावर पांढरें वस्त्र घालावें आणि त्यावर कढत पाणी ओतीत राहावें, म्हणजे केंस हातानें उपटून येऊं लागतात. किंवा अंगास माती लिंपावी आणि गवताच्या जाळावर तें भाजावें. मग तें स्वच्छ करून, तुकडे पाडून, निखाऱ्यावर भाजावें. अशा भाजलेल्या मांसाचे ताडपत्रासारखे पातळ काप काढावे आणि ते मसाल्याच्या दह्यांत घालावे, असाहि एक प्रकार आहे.

आतां यांतील वस्त्राची गोष्ट पाहा. उघड्या अंगावर ओतलेलें पाणी ओघळून जातें. वस्त्र तेंच पाणी धरून ठेवतें आणि ऊब सर्वत्र सारखी पोहोंचते. आजचे खाटीक साठ-पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यांत जनावर बुडवितात, कारण याहून फार तापलेलें पाणी असेल तर कातडी आक्रसते आणि केंस उलट घट्ट बसतात. राजाजवळ उष्णतामापक नव्हता. पण त्याच्या आचाऱ्यांजवळ हात होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. हें ज्ञान राजाचें नव्हे, आचाऱ्यांचें होय, असें माझें मत आहे. त्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींत. राजानें तें श्लोकबद्ध केलें म्हणून आपणांपर्यंत आलें, एवढें श्रेय त्याला द्यावें.

निखारे आणि जाळ यांतील भेदहि आचाऱ्यांना पुरता ठाऊक असला पाहिजे. गवताचा जाळ केंस जाळण्यापुरता. मांस शिजावयाचें तें निखाऱ्यावर. जाळावर धरलेलें मांस बाहेरून काळें पडतें आणि आंतून कच्चें राहतें. शिवाय डुकराची चरबी खालीं गळली कीं ती पेट घेते आणि काजळी मांसावर बसते. निखाऱ्यांची आंच मात्र स्थिर असते. भाजलेल्या मांसाला तांबूस रंग आणि खमंग वास कां येतो, याचें रासायनिक कारण लुई कामीय माईयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ मध्यें प्रथम मांडलें. आज युरोप-अमेरिकेंत लोक अंगणांत लोखंडी जाळीखालीं कोळसे पेटवून बरगडीलगतचे डुकराचे जाड तुकडे भाजतात. त्यांना 'चॉप' म्हणतात. त्यांची अडचणहि तीच असते. पाठीकडच्या त्या भागांत चरबी बेताची असल्यानें आंच थोडी अधिक झाली कीं मांस कोरडें पडतें. म्हणून कोणी तें आधीं मिठाच्या पाण्यांत मुरवितात, तर कोणी आंबट रसांत. भाजलेल्या कापांना सोमेश्वर दह्यांत सोडतो, त्यांतहि कोरडेपणावरच उतारा असावा.

हा प्रकार कांहीं सोमेश्वराच्या काळीं प्रथम निघाला नव्हता. पाणिनीनें शूलावर भाजलेल्या मांसासाठीं 'शूल्य' हा शब्द साधण्याकरितां सूत्र केलें आहे. सुश्रुतानें मांस शिजविण्याच्या प्रकारांत शूल्याची गणना केली आहे, आणि वराहमांस जड, स्निग्ध व श्रम हरण करणारें म्हटलें आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकांत तर विदूषक याच शूल्यमांसामुळें वैतागला आहे. राजाच्या शिकारीपायीं वेळीं-अवेळीं तेंच खावें लागतें, अशी त्याची तक्रार आहे.

या विदूषकानेंच मला एकदां अडचणींत आणिलें. वर्गांत मी मुलांना शाकुंतलाची कथा सांगत होतों. दुसऱ्या अंकांतील विनोद सांगतां सांगतां तोंडून 'शूल्यमांस' हा शब्द निघून गेला. मागच्या बांकावरील एका मुलानें अर्थ विचारला. मी म्हणालों, "तें महत्त्वाचें नाहीं, पुढें चला." तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशीं आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, सळईवर भाजलेलें ना? आमच्या आजोबांच्या वेळीं डुकराची शिकार झाली कीं असेंच भाजीत." मीं मान डोलावली आणि हजेरीपट उचलून शिक्षकांच्या खोलींत गेलों. पुस्तकांतला शब्द त्याच्या घरांत जिवंत होता, आणि मीं त्याला तो महत्त्वाचा नाहीं म्हणून सांगितलें. तो मुलगा पुढें पुष्कळ शिकला. मला रस्त्यांत भेटला तर वांकून नमस्कार करतो. त्या तासाची आठवण त्याला आहे कीं नाहीं हें विचारण्याचें धैर्य मला अद्याप झालेलें नाहीं.

असो. एक शंका कोणाच्याहि मनांत यावी. चालुक्यांचें राजचिन्ह वराह. विष्णूच्या वराह अवताराची कृपा ते आपल्या दानपत्रांत अभिमानानें सांगत. बदामीच्या तिसऱ्या लेण्यांत पृथ्वीला उचलून धरणारी वराहाची भव्य मूर्ति आहे. तें लेणें इ. स. ५७८ मधील, आधींच्या बदामीच्या चालुक्यांचें. दक्षिणेंतील सोन्याच्या होनाला 'वराह' हें नांव पडलें तेंहि त्यावरील चित्रामुळें. ज्याची मुद्रा उमटवावयाची त्यालाच निखाऱ्यावर ठेवावयाचें, हें कसें? पण हा विरोध आपल्या मनांतला आहे, सोमेश्वराच्या मनांत तो नव्हता. धर्मशास्त्रानें त्या वेळीं निराळीच रेघ ओढली होती. मनुस्मृतींत गांवडुकराचें मांस निषिद्ध आहे, आणि त्याच स्मृतींत श्राद्धांत वराहमांस दिल्यानें पितर दहा महिने तृप्त राहतात असें सांगितलें आहे. उकिरड्यावरचें डुकर वेगळें आणि रानांत कंदमुळें उकरून वाढलेला वराह वेगळा, असा तो भेद होता.

या भेदामागें आरोग्याचा अनुभवहि असेल काय? १८३५ मध्यें लंडनमध्यें जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला शवविच्छेदन करतांना स्नायूंत सूक्ष्म कृमि आढळले. ते अर्धकच्च्या डुकराच्या मांसांतून माणसाच्या शरीरांत जातात व प्रसंगीं प्राणहि घेतात, हें १८६० मध्यें जर्मनींत सिद्ध झालें. मात्र हे कृमि रानडुकरांतहि असतात. म्हणून केवळ आरोग्यावरून स्मृतिकारांचा भेद उलगडत नाहीं, आणि तो तसा उलगडून दाखविण्याचा मोह मीं येथें आवरला आहे.

आणखी एक सांगावयाचें राहिलें. 'मानसोल्लास' वाचून बाराव्या शतकांतील सारा दख्खन हेंच खात होता असें कोणी समजूं नये. हें राजाचें ताट आहे. कुणब्याच्या घरीं काय शिजत होतें हें राजानें लिहिलें नाहीं, कारण तें लिहिण्याचें त्याला कारणच नव्हतें. पण एका बाबतींत हा राजा आपल्यापेक्षां मोकळा होता. नदीकांठच्या शेतांतून पकडलेले उंदीर कसे भाजावे, हेंहि त्यानें इडरिकेइतक्याच निर्विकारपणें आणि तितक्याच बारकाव्यानें सांगितलें आहे. त्या प्रकरणाकडे मी आज वळत नाहीं. वेळ संपत आली आहे, आणि आपल्यापैकीं कित्येकांचीं जेवणें व्हावयाचीं असतील.