बस उलटली तर टिकेल का? उत्तर दडलंय कॉम्प्युटरमधल्या सांध्यांत

पुणे-सातारा महामार्गावरच्या नसरापूर फाट्यावरून भोर, बनेश्वर आणि राजगडाकडे जाणाऱ्यांची रोज वर्दळ असते. एसटी, खासगी बस, सहलीच्या गाड्या. यातली एखादी बस उलटली, तर तिचा सांगाडा किती चेपेल?

भारतात यासाठी एआयएस-०३१ हे मानक आहे. कसोटीत बस ८०० मिलिमीटर खोल खड्ड्यात कुशीवर कलंडवतात. प्रवाशांसाठी राखलेल्या जागेत सांगाड्याचा कुठलाही भाग घुसता कामा नये. अख्खी बस न मोडता कॉम्प्युटरवर गणित करूनही हे तपासता येतं.

शेल मेश म्हणजे काय?

बसचे पत्रे आणि पोकळ चौकोनी नळ्या लांबीच्या मानाने फारच पातळ असतात. म्हणून कॉम्प्युटरमध्ये पत्र्याच्या जाडीच्या बरोबर मध्यातून जाणारा एकच पृष्ठभाग घेतात आणि जाडी आकड्यात सांगतात. हे शेल. त्याचे छोटे चौकोन पाडले की झाली मेश. चौकोनांचे कोपरे म्हणजे नोड.

अडचण कुठे येते?

२ मिमीचा पत्रा ३ मिमीच्या पत्र्यावर बसवला, तर प्रत्यक्षात ते चिकटलेले असतात. मेशमध्ये मात्र त्यांच्या मधल्या पृष्ठभागांत २.५ मिमी अंतर राहतं. स्क्रीनवर सांधा जुळलेला दिसतो, पण नोड सामायिक नसतील आणि दुसरी जोडणीही दिली नसेल, तर एका पत्र्यावरचा भार दुसऱ्याकडे जातच नाही.

जोडायच्या पद्धती

• नोड एकत्र करणे: दोन्ही मेशचे नोड समोरासमोर असतील तर सर्वात सरळ उपाय. पण ‘किती अंतरातले नोड जोडायचे’ ही मर्यादा मोठी ठेवली, तर बारीक चौकोनच मिटून जातात.

• टाइड कॉन्टॅक्ट: नोड जुळत नसतानाही एक पृष्ठभाग दुसऱ्याला बांधून टाकतो. लांब वेल्डिंगसाठी सोयीचा.

• रिजिड एलिमेंट: बोल्टच्या छिद्राभोवतीचे नोड एका बिंदूला ताठ बांधतात. गरजेपेक्षा मोठा भाग बांधला, तर सांधा खऱ्यापेक्षा मजबूत भासतो.

• स्पॉट वेल्डसाठी खास एलिमेंट: यात सांधा किती भाराला तुटेल हेही सांगता येतं.

शेल भरीव ठोकळ्याला जोडताना आणखी एक खाच आहे. शेलच्या नोडला सरकणं आणि फिरणं मिळून सहा हालचाली असतात. भरीव एलिमेंटच्या नोडला फक्त सरकण्याच्या तीन. नुसते नोड एकत्र केले, तर तो सांधा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो.

सांधा सुटलाय हे कसं कळतं?

मॉडेल कुठेही न बांधता त्याची कंपनं काढतात. मोकळ्या, अखंड वस्तूला शून्याच्या जवळपास जाणाऱ्या सहाच वारंवारता मिळतात. बारा मिळाल्या, तर बहुधा दोन तुकडे सुटे आहेत. शिवाय मेशच्या मोकळ्या कडा रंगवून पाहतात. सलग असायला हवी तिथे मोकळी कड दिसली की चूक सापडते.

या तपासण्या काही मिनिटांच्या असतात. त्या टाळल्या तरी सॉफ्टवेअर अनेकदा बिनतक्रार रंगीत चित्र काढून देतं. नसलेली ताकद दाखवणारं ते चित्र पाहून बस ‘सुरक्षित’ ठरली, तर खरा सांधा रस्त्यावर तपासला जातो, आत प्रवासी बसलेले असताना.