मंडईतील 'आर्यन'

आम्ही बिदर-गुलबर्ग्याकडील मंडळी गणपतीत पुण्याला गेलो की मंडईच्या शारदा-गजाननाचे दर्शन चुकवत नाही. तेथे गाडी लावायची तर लोक 'आर्यन' वाहनतळ दाखवतात. हे नाव मुळात एका चित्रपटगृहाचे.

१९१५ साली गंगाधरपंत पाठक यांनी मंडईजवळ 'आर्यन सिनेमा' सुरू केला. पुण्यातील हे पहिले कायमचे चित्रपटगृह. त्याआधी सिनेमा तंबूत चाले. १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' हा मूकपट येथेच झळकला. कथा कीचकवधाची. याच कथेवरचे खाडिलकरांचे नाटक इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंद केले होते, कारण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसे! चित्रपटातील वधाच्या दृश्यालाही कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी मात्र 'सैरंध्री' पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' पदवी दिली. सभ्य घरांत सिनेमाकडे नाक मुरडण्याचे ते दिवस होते. सार्वजनिक गणेशोत्सव रुजवणाऱ्या माणसाने तेव्हा सिनेमाला मान दिला, हे आम्हांला मोठे वाटते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

पुढे बोलपट आले. १९८३ साली 'आर्यन' बंद झाले आणि त्या जागी वाहनतळ झाला. जवळचे 'मिनर्वा'ही त्याच वाटेने गेले. पाटीवर नावे तरी उरली.

आमच्याकडे एकपडदा टॉकीज बंद पडल्या, त्यांच्या जागी दुकाने आली. जुने रिक्षावाले अजून 'टॉकीजजवळ' म्हणूनच उतरवतात. कोणाकडे त्या टॉकीजचे फोटो, तिकिटे, जाहिरातींचे कागद असतील, त्यांनी मंडळाकडे जरूर आणून द्यावेत.