पत्र्याच्या आतला माणूस

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने आमच्या घरी फरशी पुसणारं एक यंत्र आणून ठेवलं. ताटाएवढं, गोल, आपलं आपण फिरणारं. संध्याकाळच्या आत नातीने त्याचं बारसंही उरकलं. नाव ठेवलं गोट्या. दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशी आल्या. दारात उभं राहून त्यांनी गोट्याची एक पूर्ण फेरी पाहिली आणि विचारलं, "काकू, मग आता माझी फरशी बंद का?"

"बघू हो मावशी," असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

सिनेमावर लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. यंत्रमानवांचे चित्रपट पाहिले, त्यांवर व्याख्यानं दिली. या चित्रपटांना आपण बहुधा एकच प्रश्न विचारत आलो आहोत : यंत्र माणसावर उलटेल का? मावशींचा प्रश्न त्याहून साधा होता. घरातलं काम कोण करतं, आणि करणाऱ्याचं पुढे काय होतं? तो प्रश्न हाताशी धरून मी जुने चित्रपट पुन्हा पाहायला बसले, तेव्हा आजवर नजरेआड राहिलेलं बरंच काही दिसू लागलं.

सुरुवात शब्दापासून करू. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने. जानेवारी १९२१मध्ये ते प्रागच्या रंगभूमीवर आलं. शब्द सुचवला होता कारेलचा भाऊ, चित्रकार योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदारासाठी सक्तीने करायचं काम. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : वेठ. आपण 'यंत्रमानव' हा शब्द घडवला तेव्हा यंत्र आलं, मानव आला. वेठ तेवढी गळाली. चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. ते कृत्रिम मांसापासून कारखान्यात बनवलेले, माणसासारखेच दिसणारे कामकरी होते. पत्रा चढला तो नंतर, सिनेमात.

फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. मी तो पहिल्यांदा पाहिला पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयात. जमिनीखाली राबणारे मजूर, वर बागांमधून हिंडणारे मालक, आणि दोघांच्या मध्ये एका शास्त्रज्ञाने घडवलेली धातूची स्त्री. तिला मारिया या मुलीचा चेहरा दिला जातो आणि ती मजुरांना भडकवते. त्या धातूच्या देहाकडे तेव्हा मी थक्क होऊन पाहत राहिले होते. तो धातू नव्हताच. शिल्पकार वाल्टर शुल्त्से-मिटेनडोर्फ यांनी ब्रिगिटे हेल्म या नटीच्या अंगाचा साचा घेऊन, लाकडाच्या लगद्यासारख्या पदार्थाचा तो पोशाख बनवला आणि त्यावर धातूचा रंग दिला. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ब्रिगिटेने विशीही गाठली नव्हती. पोशाख अंगाला काचायचा, टोचायचा. तिचा चेहरा त्यात दिसत नव्हता, तरी आत तीच उभी होती.

पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपला कारखान्यातल्या मजुराची भीती होती, म्हणून त्याचा रोबो बंडखोर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत भीतीची जागा सोयीने घेतली आणि रोबो कारखान्यातून घरात आला. १९५६च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'मधला रॉबी रांधतो, मालकाच्या मुलीचे कपडे शिवतो आणि यानावरच्या आचाऱ्याला हवी म्हणून ६० गॅलन दारू गाळून देतो. माणसाला इजा करण्याचा हुकूम दिला, तर तो जागच्या जागी अडकून पडतो. घरगड्याकडून मालकवर्गाला याहून जास्त काय हवं असतं?

या चित्रपटाच्या नामावलीत 'रॉबी द रोबो' असं नाव झळकतं, जणू तो नवोदित नट आहे. त्या अवजड सांगाड्यात घामाघूम होणारे फ्रँकी डॅरो आणि फ्रँकी कार्पेंटर यांची नावं मात्र तिथे नाहीत. यंत्राला नाव मिळालं. ते चालवणाऱ्यांना मिळालं नाही. हे लक्षात आलं त्या रात्री मी माझा फोन उघडून पाहिला. मावशींचा नंबर 'फरशी-भांडी मावशी' या नावाने साठवलेला होता. अकरा वर्षं त्या आमच्याकडे येतात. गोट्याला यायला अकरा तासही झाले नव्हते, तोवर त्याचं नाव घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

१९७२च्या 'सायलेंट रनिंग'मध्ये डग्लस ट्रम्बुल यांनी तीन बुटके, चौकोनी रोबो दाखवले. अवकाशात तरंगणाऱ्या बागेची निगा राखणारे. त्यांची चाल इतकी विलक्षण जिवंत आहे की ही कळसूत्री नव्हे, हे कळतंच. आत दोन्ही पाय नसलेले कलावंत होते, हातांवर चालणारे. शेवटच्या दृश्यात माणूस उरत नाही. एकटा रोबो झारीने झाडांना पाणी घालत राहतो. पडद्यावर यंत्राची माया म्हणून जे आपण पाहतो, ते कुणाच्या तरी तळहातांचं काम आहे.

पाच वर्षांनी 'स्टार वॉर्स' आला. आर-टू-डी-टूच्या पिंपात साधारण पावणेचार फूट उंचीचे केनी बेकर होते आणि सोनेरी सी-थ्री-पीओच्या आत अँथनी डॅनियल्स. यांची नावं मात्र नामावलीत आली. या चित्रपटातली लढाई सगळ्यांना आठवते. मला या वेळी दोन किरकोळ प्रसंगांनी थांबवलं. एकात हे दोन्ही रोबो भंगारवाल्यांकडून शेतकऱ्याला विकले जातात. दुसऱ्यात गुत्त्यात दारू वाढणारा माणूस त्यांना आत घेत नाही. बाहेर थांबायला सांगतो. नायक निमूटपणे ते मान्य करतो आणि प्रेक्षकालाही त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या सोसायटीत एका लिफ्टबाहेर कित्येक वर्षं पाटी होती : नोकरमाणसांनी मागची लिफ्ट वापरावी. त्या पाटीखालून मी रोज वर गेले आहे. नायकाला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही.

घरात आलेल्या रोबोचं एक रूप फार बोलकं आहे : बायकोचं. १९७५च्या 'द स्टेपफर्ड वाइव्ह्ज'मध्ये एका टुमदार गावातले नवरे आपापल्या बायकांचा काटा काढतात आणि त्यांच्या जागी हसतमुख यंत्रं आणतात. इथे नट्यांना पत्र्याच्या पोशाखाची गरजच पडली नाही. एप्रन पुरला. जवळपास पन्नास वर्षांनी, २०२४मध्ये, हिंदीत 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' आला. दिल्लीतल्या घरात रोबो सून होऊन येते आणि सांगितलेलं सगळं ऐकते म्हणून सगळ्यांना आवडते. जुना चित्रपट थरारपट होता, हा विनोदी आहे. मला दोन्हींत भीती सारखीच वाटली.

दक्षिणेत दोन निराळी उत्तरं सापडली. २०१०च्या शंकर दिग्दर्शित 'एंदिरन'मध्ये, म्हणजे आपल्याकडे हिंदीतून पोचलेल्या 'रोबो'मध्ये, चिट्टीच्या आत कोण आहे हे जगाला ठाऊक आहे. तिथे रजनीकांत यंत्राला झाकून टाकतात. २०१९चा मल्याळम 'अँड्रॉइड कुंजप्पन' घडतो केरळमधल्या पय्यन्नूरला. रशियात नोकरीला गेलेला मुलगा म्हाताऱ्या, हट्टी बापासाठी रोबो आणून ठेवतो. आधी नाक मुरडणारा बाप हळूहळू त्याला शर्ट-मुंडू नेसवून पोरासारखं वागवू लागतो. आत होते सूरज तेलक्काड हे ठेंगणे विनोदी कलावंत. चित्रपट प्रदर्शित झाल्यावरही काही काळ हे गुपित राखलं होतं. मुलाची जागा यंत्राने घेतली असं कथा सांगते. प्रत्यक्षात त्या नटाशेजारी दुसरा एक नटच बसलेला होता. पुण्यातल्या कितीतरी घरांत मुलं परदेशी आणि आईबाप एकटे, म्हणून हा चित्रपट मला सर्वांत जवळचा वाटला. तिथेही जेवण भरवायला, औषध द्यायला दुसऱ्याच कुणाची तरी आई येते.

या सगळ्या काळात खरे रोबो मात्र वेगळ्या वाटेने गेले. १९६१मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत मोटारींच्या कारखान्यात कामाला लागलेला 'युनिमेट' म्हणजे नुसता एक हात होता. तापलेले धातूचे भाग उचलणारा. २००२मध्ये घरात आलेला 'रूम्बा' म्हणजे जमिनीलगत सरकणारी चकती. दोघांनाही चेहरा नाही. चेहरा सिनेमाने दिला, कारण राबणारं कुणीतरी नजरेसमोर असावं आणि तरीही त्याच्याबद्दल अपराधी वाटू नये, अशी आपली दुहेरी इच्छा होती. पत्र्याला दुखत नाही, पत्र्याला मुलंबाळं नाहीत, पत्रा पगारवाढ मागत नाही. त्या पत्र्याच्या आत माणूस होता, हे विसरणं हाच त्या खेळाचा भाग होता.

मावशींना मी चार दिवसांनी उत्तर दिलं. फरशीचे पैसे तेच राहतील, असं सांगितलं. त्या चार दिवसांत त्यांनी घरी काय हिशेब मांडला असेल, हे मी विचारलं नाही. नंतर त्यांचं नाव विचारून फोनमध्ये नीट लिहून घेतलं. या लेखातही घालू का म्हटलं, तर म्हणाल्या, "छापू नका काकू. बाकीच्या घरांत वाचतील."

गोट्या अजून आहे. आठवड्यातून दोनदा सतरंजीच्या झालरीत अडकून केविलवाणा ओरडतो. त्याच्या ब्रशात केस गुंततात, मग तो चालेनासा होतो. तेव्हा मावशीच त्याला उताणा करतात, सुरीच्या टोकाने एकेक केस सोडवतात आणि पुन्हा जमिनीवर ठेवून देतात.