काजळीवरच्या रेघेपासून

1874 चा उन्हाळा. कॅनडातल्या ब्रँटफर्डला आईवडिलांच्या घरी अलेक्झांडर ग्रॅहम बेल चक्क एका मृत माणसाचा कान घेऊन बसला होता. बॉस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी तो मिळवून दिलेला. कानातल्या हाडाला गवताची काडी जोडलेली, काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेवर. कानाशी बोललं की पडदा थरथरे, काडी हले आणि काजळीत नागमोडी रेघ उमटे.

बेल पेशाने कर्णबधिर मुलांचा शिक्षक. आपला उच्चार कानावर पडत नाही तर निदान डोळ्यांना दिसावा, शिक्षकाच्या रेघेशी आपली रेघ ताडून बघता यावी, हा त्याचा हेतू. याच खटपटीतून पुढे 1876 साली टेलिफोन निघाला. बहिऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता! त्यात बेल खुणांच्या भाषेचा कट्टर विरोधक. अनेक बहिऱ्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि ते रास्तच आहे.

कल्पना मात्र मेली नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आवाजातल्या कंप्रतांचं चित्र काढणारं यंत्र झालं. बहिऱ्यांना ही चित्रं वाचता येतील, अशी संशोधकांना आशा होती. पण धावतं बोलणं असं वाचणं महाकठीण. मग चित्र माणसाने कशाला वाचायचं, यंत्रानेच वाचावं की! तिथेच 1952 मध्ये ‘ऑड्री’ नावाच्या यंत्राने शून्य ते नऊ हे आकडे ओळखले, तेही ओळखीच्या आवाजात आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबलं तर.

पुढची कित्येक वर्षं या तंत्राचा ओढा कचेरीकडे राहिला. सलग बोललेलं टिपून घेणारी सॉफ्टवेअर 1997 च्या सुमारास बाजारात आली, ती साहेबांची पत्रं लिहायला. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या सेंट मेरीज विद्यापीठाने तीच बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्गात आणली. प्राध्यापकाने माइक लावून बोलायचं, शब्द पडद्यावर उमटायचे. अडचण लगेच कळली. पत्र सांगणारा ‘स्वल्पविराम’ म्हणतो. शिकवणारा कशाला म्हणेल? पडद्यावर विरामचिन्हांविना शब्दांचा नुसता लोंढा. मग आयबीएमबरोबर ‘व्हायास्क्राइब’ हे सॉफ्टवेअर घडलं. बोलणारा श्वासाला थांबला की ओळ तोडायची. एवढ्याशा युक्तीने मजकूर वाचण्याजोगा झाला.

नंतरचे मोठे टप्पे तर बहिऱ्या तंत्रज्ञांच्याच हातून पार पडले. यूट्यूबवर 2009 साली आपोआप उमटू लागलेल्या कॅप्शनमागे केन हॅरेनस्टीन होते. 2019 मध्ये समोरचं बोलणं फोनवर लिहून दाखवणारं गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ आलं. त्याच्या कर्त्यांपैकी दिमित्री कानेव्हस्की लहानपणापासून बहिरे. गूगलची बोलून लिहिण्याची सोय मराठीत त्याआधीच, 2017 साली आली होती.

वर्गात खरी परीक्षा होते ती परिभाषेची. अमेरिकेतल्या रॉचेस्टर तंत्रज्ञान संस्थेत बहिऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी. तिथे मायक्रोसॉफ्टची अशीच यंत्रणा जीवशास्त्रासारख्या विषयांना वापरून पाहिली, तेव्हा तिला स्लाइडमधले शब्द आधीच पुरवता येत होते, म्हणजे भलभलत्या अवयवांची नावं त्यातल्या त्यात बरोबर उमटत. तरीही खुणांनी समजावणारा दुभाषा वर्गातून हटला नाही. लहानपणापासून खुणांमध्येच विचार करणाऱ्याला पडद्यावरची इंग्रजी ही दुसरी भाषाच असते, आणि मास्तरांच्या बोलण्याच्या वेगाने ती वाचायची, वर वहीतही उतरवायची, हे काम सोपं नाही.