जोडताना कुठेच अडत नसेल, तर ते अफाइन

आजच्या भागात गणित आहे, पण वही-पेन शोधू नका, इयरफोन पुरे.

वर्तुळ, पॅराबोला अशा समीकरणांतून उभ्या राहणाऱ्या आकृत्यांना अफाइन म्हणतात. त्यांची गंमत अशी की आकृतीवरची सगळी फंक्शन्स (इथे बहुपदी आणि त्यांचे भागाकार) गोळा केली, की त्यांतूनच आख्खी आकृती परत उभी करता येते. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, पूर्ण बॅकअप.

आता सपाट प्रतलातून फक्त आरंभबिंदू काढून टाका. उरलेल्या भागावरची फंक्शन्स बघा, तर नेमकी आख्ख्या प्रतलाचीच बहुपदी! भोक पडलंय याचा पत्ताच नाही. बॅकअप फसला, म्हणजे हे अफाइन नाही. रेषेतून एक बिंदू काढला तर मात्र चालतं. मग समीकरणं हातात नसताना अफाइन ओळखायचं कसं?

उत्तराचं मूळ युद्धकैद्यांच्या छावणीत आहे. फ्रेंच गणिती ज्याँ लरे १९४० ते १९४५ ऑस्ट्रियात जर्मनांच्या कैदेत होते. द्रवांच्या गतीतले ते तज्ज्ञ. हे कळलं तर आपल्याला युद्धाच्या कामाला जुंपतील, म्हणून तिथे ते टोपॉलॉजीवाले बनून राहिले. आणि खरंच टोपॉलॉजी केली! 'शीफ' ही कल्पना तिथली: तुकड्यातुकड्यांवरची माहिती आणि ती जोडायचे नियम. पुढे जपानचे कियोशी ओका आणि पॅरिसचे आंरी कार्तां यांनी संमिश्र संख्यांच्या फंक्शन्समध्ये तिचं सोनं केलं.

मग आले ज्याँ-पियेर सेर. १९५४ ला फील्ड्स पदक, वय २७, म्हणजे माझ्याहून लहान. (हा विक्रम अजून तसाच आहे.) १९५५ च्या लांबलचक लेखात त्यांनी शीफ बीजगणितात आणले आणि दाखवलं, की अफाइन आकृतीवर तुकडे जोडताना कधीच अडत नाही. मर्ज कॉन्फ्लिक्ट शून्य. ही अडचण मोजणाऱ्या यंत्राचं नाव कोहोमॉलॉजी.

१९५७ मध्ये सेर उलट्या दिशेने आले: जिथे कोणत्याही कोहेरंट शीफसाठी पहिली अडचण शून्य, ती आकृती अफाइनच. मला ही दिशा जास्त आवडते, कारण आता समीकरणं विचारायचीच नाहीत, फक्त जोडून बघायचं.

भोकाच्या प्रतलावर बघू. एका तुकड्यात क्ष शून्य नाही, दुसऱ्यात य शून्य नाही. दोन्ही जिथे एकावर एक येतात तिथे 'एक भागिले क्ष गुणिले य' हे फंक्शन घ्या. एकाच्या छेदात फक्त क्ष, दुसऱ्याच्या छेदात फक्त य, अशा दोघांची वजाबाकी म्हणून ते लिहून दाखवा. नाही जमणार! तीच अडचण. फंक्शन्सच्या यादीत न दिसलेलं भोक इथे पकडलं गेलं.

ग्रोथेंडीकनी १९६१ मध्ये हीच कसोटी, थोड्या अटींसह, स्कीम नावाच्या कितीतरी मोठ्या जगात नेली.

जाता जाता, सेरच्या १९५५ च्या त्याच लेखात एक प्रश्न होता: अफाइन अवकाशावरचं प्रत्येक व्हेक्टर बंडल बिनपिळाचं असतं का? दोन चलांसाठी 'हो' हे उत्तर १९५८ मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या सी. एस. शेषाद्रींकडून आलं. सगळ्या चलांसाठी थेट १९७६ उजाडलं. क्विलन आणि सुसलिन, दोघांनी वेगवेगळं सिद्ध केलं. ती गोष्ट पुढच्या भागात.