फरशीकामातील रासायनिक धोके

फरशी कापताना, बसवताना, घासताना आणि तिला लेप देताना कारागिराच्या शरीराच्या संपर्कात येणाऱ्या धूळ, वाफ व रसायनांमुळे उद्भवणारे विकार. हे काम बहुधा गुडघ्यांवर बसून, जमिनीकडे वाकून चालते. त्यामुळे लेपातून निघणारी वाफ जिथे सर्वांत दाट असते, तिथेच कारागिराचा श्वास चालू असतो.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा पीएच 12 ते 13 भरतो. भिजलेली विजार गुडघ्याला चिकटून राहिली, तर कातडी खोलवर भाजते. सुरुवातीला आग होत नाही म्हणून इजा उशिरा कळते. सिमेंटमधील विद्राव्य षट्‌संयुजी क्रोमियममुळे ॲलर्जीचा चिवट इसब होतो. युरोपीय संघाने 2005 मध्ये त्यावर दशलक्ष भागांत 2 भाग अशी मर्यादा घातली. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून ती पाळता येते.

ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल कोरडी कापली, की सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. संगमरवरात सिलिका फार कमी असते. या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो आणि क्षयाची शक्यता वाढवतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडल्यास धूळ पुष्कळ कमी होते. एवढा साधा उपाय पाणी सांडते म्हणून टाळला जाणे अक्षम्य आहे.

औषध कारखाने, रुग्णालये आणि वाहनतळांत इपॉक्सीची सांधेविरहित जमीन करतात. तिचे रेझिन व अमाइनयुक्त हार्डनर वारंवार त्वचेला लागल्यास ॲलर्जी जडू शकते. ती सहसा आयुष्यभर राहते, पुढे अल्प संपर्कानेही पुरळ उठते आणि कित्येकांना हातचा धंदा सोडावा लागतो. पातळ लॅटेक्सचे हातमोजे इथे निरुपयोगी ठरतात. थिनरने हात धुणे तर अधिकच घातक, कारण त्याने त्वचेचे संरक्षक तेल निघून जाते. पॉलियुरेथेन लेपांतील आयसोसायनेटांमुळे दमा होऊ शकतो.

चिकटद्रव्यांतील टोल्युइनने डोके दुखते, गरगरते. एन-हेक्झेन दीर्घकाळ श्वासात गेल्यास हातापायांच्या नसा बधिर होतात. बंद खोलीत या वाफा ठिणगीने पेटतात. लाकडी जमिनीच्या आम्ल-दृढ लॅकरमधून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतो.

टाइलवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी वापरलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडात ब्लीच मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. जुन्या व्हिनाइल टाइल व त्यांखालच्या काळ्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्या उखडण्याआधी नमुना तपासून घ्यावा लागतो. तशा टाइल घासणे किंवा कोरड्या फोडणे टाळतात.