टपालानें जडलेली मैत्री

बंगालमधील श्रीरामपूर येथें २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाई जोशी यांनीं इंग्रजींत व्याख्यान दिलें, तेव्हां त्यांना अठरावें वर्ष चालूं होतें. अमेरिकेस कां जातां, या प्रश्नाचें तें उत्तर होतें. त्यांत मुंबईच्या शाळेची आठवण निघाली. पुस्तकें घेऊन जाणाऱ्या या मुलीभोंवतीं लोक जमत, खदखदां हंसत. ओसरीवर बसलेले प्रतिष्ठित लोक खडे मारीत. दुकानदार तिला पाहून थुंकत. अशी टवाळी करणारीं केवळ उनाड पोरें नव्हतीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

या मुलीस जिवाभावाचें माणूस लाभलें तें साता समुद्रांपलीकडे. पति गोपाळराव टपालखात्यांत कारकून. पत्नीच्या शिक्षणासाठीं साहाय्य मागणारें त्यांचें पत्र मिशनरी वाइल्डर यांनीं आपल्या नियतकालिकांत छापलें. सोबत ख्रिस्ती होण्याचा उपदेशही जोडला! १८८० मध्यें तें न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनीं वाचलें. तेंही दंतवैद्याकडे ताटकळत असतां. त्यांनीं पत्र धाडलें, आनंदीबाईंनीं उत्तर दिलें. पत्र पोंचण्यास आठवडे लागत; तरी एकमेकींचें तोंड न पाहतां एक मावशी झाली, दुसरी भाची. भाचीनें डोकेदुखी, ताप कळवावा, मावशीनें अमेरिकेहून औषधें पाठवावींत. औषधांचा गुण मात्र आला नाहीं.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई पतीवांचून कलकत्त्याहून निघाल्या; ४ जूनला न्यूयॉर्कला पोंचल्या. १८८६ मध्यें त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला, आणि त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे गेली. पोकिप्सी येथें, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत, ती ठेवलेली आहे.